ऑक्सफर्डची दारे आणि एक भिंत

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी एक प्रवेशद्वार उभे राहते. मराठवाड्याच्या विद्यापीठाचे गेट तर आपल्या कित्येक घरांत फोटोच्या चौकटीत भिंतीवर आहे. १९७८ साली नामांतराचा ठराव झाला आणि १९९४ च्या जानेवारीत नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत त्या नावासाठी काय किंमत मोजावी लागली, हे या पानावर नव्याने सांगण्याची गरज नाही. तेव्हा गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता ऑक्सफर्डला निघालो तेव्हा मनाशी ठरवूनच निघालो होतो, की आधी विद्यापीठाच्या गेटसमोर उभे राहून एक फोटो काढायचा आणि मग बाकीचे गाव बघायचे. स्टेशनवर पुतणी घ्यायला आली होती. तिला म्हटले, "पोरी, आधी विद्यापीठाच्या गेटवर ने."

ती हसली. म्हणाली, "मोठे बाबा, इथं गेटच नाही."

आणि खरोखरच नाही. ऑक्सफर्ड हे एका आवारातले विद्यापीठ नव्हे. गावभर चाळीसहून अधिक कॉलेजे पसरलेली आहेत. प्रत्येकाची भिंत वेगळी, दार वेगळे, जेवणघर वेगळे, प्रार्थनामंदिर वेगळे आणि तिजोरीही वेगळी. विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या, व्याख्याने आणि प्रयोगशाळा चालवायच्या. मुलांना ठेवून घ्यायचे, जेवू घालायचे आणि पदवीच्या मुलांना समोर बसवून शिकवायचे ते कॉलेजने. हा कारभार कुणी एका दिवशी ठरवून सुरू केला नाही. इसवी सन १०९६ च्या सुमारास इथे शिकवणे चालू होते एवढा दाखला आहे, पण स्थापनेची अशी तारीख नाही. ११६७ च्या सुमारास इंग्लंडच्या राजाने आपल्या मुलांना पॅरिसला शिकायला जाण्यास बंदी केली आणि इथली गर्दी वाढली. युनिव्हर्सिटी, बेलियल आणि मर्टन ही सर्वांत जुनी तीन कॉलेजे तेराव्या शतकातली आहेत. 'न्यू कॉलेज' नावाचे एक कॉलेज आहे, ते १३७९ चे! आपल्याकडे तेव्हा बहामनी राज्य होते. सहाशे वर्षांपूर्वीच्या वस्तूला नवीन म्हणणारे हे गाव.

एक खुलासा इथेच करतो. बाबासाहेब ऑक्सफर्डला शिकले नाहीत. आपल्या सभांतून कधी कधी उत्साहाच्या भरात तसे बोलले जाते, ते बरोबर नाही. त्यांचे शिक्षण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये झाले आणि बॅरिस्टरी ग्रेज इनमध्ये. लंडनमध्ये ते ज्या घरात राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आम्ही आदल्या दिवशी तिथे अभिवादन करून आलो होतो. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून गाडीत बसले की तासाभरात ऑक्सफर्ड येते. लंडनला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी एक दिवस राखून ठेवावा.

पुतणी सरकारी शिष्यवृत्तीवर एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी तिथे गेली आहे. विषय सामाजिक धोरण. तिचे आजोबा, म्हणजे आमचे वडील, अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये हमाली करीत. त्यांना सही करता येत होती, एवढेच. ही माहिती मोठेपणासाठी सांगत नाही. त्या गावात फिरताना ती पदोपदी आठवते, म्हणून सांगतो. आणि आमच्या या फेरीमागे नुसते स्थळदर्शन नव्हते. धाकट्या बंधूंनी आमच्यावर एक कामगिरी सोपवली होती. पोरीला तिथेच डॉक्टरेटसाठी जागा मिळाली होती. पैशाचे मात्र ठरायचे होते, शिष्यवृत्तीचे उत्तर जूनमध्ये येणार होते. इकडे नागपूरचे एक चांगले स्थळ सांगून आले होते. मुलगा इंजिनिअर, घर सुशिक्षित. "तुम्ही दोघं तिच्यापाशी बसा आणि समजावून घेऊन या," असा बंधूंचा निरोप. तो निरोप खिशात ठेवून आम्ही दगडी इमारती बघत होतो.

मे महिना परीक्षेचा. रस्त्यांतून मुले-मुली काळे गाऊन, पांढरे सदरे आणि गळ्याशी टाय किंवा रिबन अशा वेषात सायकलवरून जाताना दिसतात. परीक्षेला हा वेष सक्तीचा आहे. छातीवर कार्नेशनचे फूल लावायची रीत आहे. पहिल्या पेपरला पांढरे, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल. सौ.ला हे फार आवडले. आपल्याकडे परीक्षेला जाताना दही-साखर हातावर ठेवतात तसेच हे, असे तिचे म्हणणे.

शिकवण्याची जी पद्धत आहे ती मात्र आम्ही खोदखोदून विचारली, कारण आमची उभी हयात मास्तरकीत गेली. पदवीच्या मुलाला इथे आठवड्याला विषय आणि वाचायच्या पुस्तकांची यादी मिळते. त्याने वाचायचे, निबंध लिहायचा आणि प्राध्यापकासमोर जाऊन बसायचे. खोलीत तो एकटा, फार तर दोघे-तिघे. प्राध्यापक एकेक वाक्य धरतो. हे कशावरून म्हणतोस? याच्या उलट पुरावा कुणी दिला आहे का? या रीतीला ट्यूटोरियल म्हणतात. पुतणी पदव्युत्तर असल्यामुळे तिचे वर्ग वेगळे, तिला मार्गदर्शक वेगळा, पण रीत तीच. पहिल्या महिन्यात तिने निबंधात मोठमोठ्या विद्वानांची मते छान मांडली. मार्गदर्शक बाईंनी वाचून एवढेच विचारले, "हे सगळं त्यांचं झालं. तुझं काय मत आहे?"

पोरगी सांगत होती, "मोठी आई, मला त्या दिवशी रडूच आलं. वीस वर्षांत शाळा-कॉलेजात हे मला कुणी विचारलंच नव्हतं."

आम्ही मास्तर असल्याने हा टोला आम्हांलाही बसला. पण आमच्या वर्गात सत्तर मुले असत, हेही खरे.

पहिल्या पिढीचे शिकणारे मूल अशा खोलीत एकटे बसते तेव्हा त्याच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार पालकांनी करून ठेवला पाहिजे. इंग्रजी येत असते, पण बोलताना धीर खचतो. बरोबरची मुले मोठ्या शाळांतून आलेली, घरी ग्रंथालय असलेली. पुतणीने उपाय काढला तो साधा आहे. ती बोलायचे मुद्दे आदल्या रात्री मराठीतून मोठ्याने बोलून पाहते. दुसरे असे, की ती एकटी जेवत नाही. काउली रोड नावाच्या रस्त्यावर आपल्याकडची दुकाने आहेत. तिथून पीठ, डाळी, मसाला आणते आणि शनिवारी चार-पाच जणींना पिठले-भाकरी करून घालते. त्यात एक मुलगी नायजेरियाची, एक नेपाळची. ज्या आया मुलीला परदेशी पाठवताना लोणच्याच्या बरण्या भरतात, त्यांना सुचवावेसे वाटते, की बरणीआधी पोरीला भाकरी थापता येते का ते बघा.

आता गावाबद्दल. बोडलियन ग्रंथालय १६०२ साली उघडले. तिथले पुस्तक घरी नेता येत नाही, तिथेच बसून वाचायचे. १६४५ साली खुद्द राजा पहिला चार्ल्स याने एक पुस्तक मागवले तर ग्रंथपालाने नियम दाखवून नकार दिला. त्या वेळी यादवी युद्ध चालू होते आणि राजाचा मुक्काम याच गावात होता. राजाला 'नाही' म्हणणारा ग्रंथपाल! वाचक होणाऱ्याला आजही शपथ घ्यावी लागते, की मी आत विस्तव आणणार नाही, पुस्तकाला इजा करणार नाही. शेजारीच रॅडक्लिफ कॅमेरा ही घुमटाची गोल इमारत आहे. ऑक्सफर्डचा फोटो म्हणून कॅलेंडरवर छापतात ती हीच. आत वाचनगृह आहे, पण वाचकाचे कार्ड असेल तरच प्रवेश. पुतणी कार्ड दाखवून आत गेली आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. तिला आत जाताना पाहणे हेच आमचे स्थळदर्शन झाले.

मात्र ही दारे सर्वांना उघडी होती असे कुणी समजू नये. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यात मधोमध दगडांचा एक क्रूस बसवला आहे. १५५५ साली लॅटिमर आणि रिडली या दोन बिशपांना आणि पुढच्या वर्षी आर्चबिशप क्रॅनमर यांना धर्ममत बदलत नाहीत म्हणून इथे जिवंत जाळले. पुढे ज्यांची माणसे जळाली त्यांचाच पंथ सत्तेवर पक्का झाला आणि त्यांनी विद्यापीठाला कुलूप लावले. १५८१ पासून नाव दाखल करताना इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस कलमे मान्य असल्याची सही करावी लागे. कॅथॉलिक, ज्यू, वेगळ्या पंथाचे ख्रिस्ती हे सगळे बाहेर. १८५४ साली पदवीपुरते आणि १८७१ च्या कायद्याने जवळजवळ पूर्णपणे हे कुलूप निघाले. म्हणजे महात्मा फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली त्या १८४८ साली ऑक्सफर्डमध्ये स्वतःच्याच देशातल्या ज्यू मुलाला प्रवेश नव्हता. इंग्रजांचे सगळेच पुढारलेले होते असे मानणाऱ्यांनी या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

बायकांचे तर विचारूच नका. त्यांच्यासाठी लेडी मार्गारेट हॉल आणि सॉमरव्हिल ही दोन ठिकाणे १८७९ साली निघाली. मुली शिकत, पेपर देत, उत्तीर्ण होत, पण पदवी मिळत नसे. पदवीचा हक्क मिळाला तो १९२० साली. सॉमरव्हिलपुढे आम्ही मुद्दाम थांबलो ते आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्यासाठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या गर्दीत एकटी मुलगी. गुणांच्या जोरावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती. बाईला देता येत नाही म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी जमवली, त्यांत परिचारिकांची आद्य म्हणून आपण जिचे नाव घेतो ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होती. १८८९ साली ती सॉमरव्हिलला आली. १८९२ साली कायद्याच्या परीक्षेला पुरुषांबरोबर बसू द्यावे म्हणून विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. ती पास झाली आणि पदवी हातात पडली १९२२ साली. तीस वर्षांनी! पुढे त्यांची राजकीय मते राज्यकर्त्यांच्या बाजूची राहिली, ती आम्हांला मान्य नाहीत. पण तीस वर्षे थांबलेला तो कागद आम्हांला फार काही सांगून गेला. केंब्रिजने तर बायकांना पदवी द्यायला १९४८ उजाडवले.

ब्रॉड स्ट्रीटच्याच टोकाला एका इमारतीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा हत्ती दिसतो. ही जुनी 'इंडियन इन्स्टिट्यूट'. पायाचा दगड १८८३ साली इंग्लंडच्या युवराजाने बसवला. सरकारी नोकरीसाठी हिंदुस्थानात येणाऱ्या गोऱ्या तरुणांना इथल्या भाषा शिकवायच्या, हा हेतू होता. त्या वेळच्या संस्कृत लेखात ही वास्तू 'आर्यांच्या' उपयोगासाठी आहे असे लिहिले आहे आणि आर्य म्हणजे कोण तर हिंदी आणि इंग्रज, असा त्याचा इंग्रजी अर्थही दिला आहे. आम्ही दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे राज्यकर्ता साहेब आणि इथला शास्त्री यांचे गोत्र एक झाले आणि आमचे आजे-पणजे कुठल्याच रकान्यात नाहीत. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' या ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धान्त पुरावे मागून का तपासला, ते इथे उभे राहिले की कळते. आता या इमारतीत दुसरीच संस्था आहे, हत्ती मात्र तसाच वाऱ्याबरोबर फिरतो.

या संस्थेचा खटाटोप करणारे मोनियर विल्यम्स हे बोडेन अध्यासनाचे संस्कृत प्राध्यापक. हे अध्यासन ज्याच्या पैशातून निघाले तो कर्नल बोडेन मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीतला अधिकारी. आपल्यातली कितीतरी घराणी त्या मुंबई पलटणींत शिपाई होती. बोडेनची इच्छा अशी, की संस्कृतचा अभ्यास व्हावा म्हणजे बायबलचे भाषांतर होईल आणि हिंदी लोकांना ख्रिस्ती करणे सोपे जाईल. १८६० साली या जागेसाठी निवडणूक झाली. जर्मनीहून आलेले मॅक्स म्यूलर विद्वत्तेने मोठे, पण मते देणाऱ्यांत पाद्री फार; ते हरले. त्याच म्यूलरांनी 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' ही पन्नास खंडांची माला संपादित केली आणि १८८१ साली तिच्या दहाव्या खंडात धम्मपदाचे इंग्रजी भाषांतर केले. हिंदुस्थान मात्र त्यांनी जन्मात पाहिला नाही. आणि पुढची गंमत अशी, की ज्या अध्यासनातून ख्रिस्ती धर्माचा प्रसार व्हायचा होता त्यावर १९७६ ते २००४ रिचर्ड गोम्ब्रिच हे पालीचे नामवंत पंडित बसले आणि निवृत्तीच्या साली त्यांनी ऑक्सफर्डमध्ये बौद्ध विद्येचे केंद्र सुरू केले. कर्नलसाहेबांना हे कुणी सांगितले असते तर!

अ‍ॅशमोलियन संग्रहालयात गांधार शैलीची बुद्धशिल्पे आहेत, प्रवेश फुकट आहे. सौ. तिथे बराच वेळ शांत बसून राहिली.

सेंट जॉन्स कॉलेजवरून जाताना पुतणीने जयपालसिंग मुंडा यांची आठवण दिली. झारखंडच्या मुंडा आदिवासी घरातला हा मुलगा मिशनऱ्यांच्या आधाराने इथे शिकला, विद्यापीठाकडून हॉकी खेळला आणि १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचा कप्तान झाला. पुढे घटना समितीत आदिवासींच्या बाजूने ठामपणे उभा राहिला. ज्या सभागृहात बाबासाहेब मसुदा मांडत होते त्याच सभागृहात.

ऑल सोल्स कॉलेजचे ग्रंथालय बाहेरूनच पाहिले. क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन याने १७१० साली मरताना ठेवलेल्या दहा हजार पौंडांवर ते उभे राहिले. त्या घराण्याचे बार्बाडोस बेटावर उसाचे मळे होते आणि मळ्यांत गुलाम राबत. २०१८ साली कॉलेजने त्या गुलामांच्या स्मरणार्थ पाटी लावली आणि २०२० साली ग्रंथालयाचे कॉड्रिंग्टन हे नाव वापरणे बंद केले. जवळच ओरिएल कॉलेजवर सेसिल रोड्सचा पुतळा आहे. तो काढा म्हणून २०१५ पासून विद्यार्थ्यांनी आंदोलन केले; २०२१ साली कॉलेजने पुतळा ठेवायचा आणि खुलाशाची पाटी लावायची असे ठरवले. त्याच रोड्सच्या पैशातून दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीवर भारतीय मुलेही शिकतात. यावर आमचे मत विचाराल तर पैसा घ्यावा आणि पाटी मोठ्या अक्षरांत लावावी.

संध्याकाळ लांबलचक असते तिकडे. नऊ वाजून पाच मिनिटांनी क्राइस्ट चर्चची मोठी घंटा एकशे एक टोले देते. कधी काळी तिथे शंभर विद्यार्थी आणि वर एक अशी संख्या होती, त्यांना आत घेऊन दरवाजा बंद करण्याची ती खूण. पाच मिनिटे उशिरा का, तर ऑक्सफर्डचे सूर्याचे घड्याळ ग्रिनिचच्या पाच मिनिटे मागे. रेल्वे आली, सगळ्या देशाची घड्याळे एक झाली, पण या घंटेने ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणी म्हणाली, "आता तुम्हांला एक जागा दाखवते. टुरिस्ट तिकडे जात नाहीत." बॅनबरी रोडने उत्तरेला जाणाऱ्या बसमध्ये बसवून तिने आम्हांला समरटाउनच्या पुढे कटस्लो नावाच्या वस्तीत नेले. साधी दुमजली घरे, पुढे चिमुकली बाग, कपडे वाळत घातलेले. बघण्यासारखे काही नाही. एका घराच्या भिंतीवर निळी गोल पाटी होती. पोरीने ती वाचून दाखवली.

१९३० नंतरच्या काळात इथे नगरपालिकेने भाडेकरूंसाठी घरे बांधली. त्यांत गावातल्या पाडलेल्या गलिच्छ वस्त्यांतून आलेली काही कुटुंबेही होती. शेजारच्या जमिनीवर एका खाजगी कंपनीने विकायची घरे बांधली. दोन्हींमधून रस्ते सलग जात होते. कंपनीला वाटले, या भाडेकरूंच्या शेजारामुळे आपल्या घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही. मग १९३४ च्या डिसेंबरात कंपनीने दोन रस्त्यांवर आडव्या दोन भिंती घातल्या. सात फुटांच्या आसपास उंच, वर लोखंडी खिळे. भिंतीपलीकडे मोठा रस्ता, बस, दुकाने. पलीकडे जायला दोन मिनिटे लागली असती, तिथे बायकांना मुले आणि पिशव्या घेऊन अर्ध्या मैलाहून जास्त वळसा पडू लागला.

सौ. तिथल्या तिथे म्हणाली, "अगं, ही तर आपली वेसच."

१९३५ साली कामगार चळवळीतली मंडळी कुदळी घेऊन भिंत पाडायला निघाली, पोलिसांनी अडवले. १९३८ साली नगरपालिकेने स्वतः भिंती पाडल्या, तर कंपनी कोर्टात गेली आणि जिंकली. भिंती पुन्हा बांधल्या गेल्या. महायुद्धात, १९४३ साली, सरावाला निघालेला लष्कराचा एक रणगाडा भिंतीतून आरपार गेला. तुम्हांला वाटेल, सुटली एकदाची. छे! लष्करी खात्याने भरपाई दिली आणि भिंत परत उभी. एकीकडे हिटलरशी लढाई चालू आणि दुसरीकडे ही डागडुजी. शेवटी नगरपालिकेने भिंतीखालच्या जमिनीच्या पट्ट्या एक हजार पौंडांना विकत घेतल्या आणि १९५९ च्या मार्चमध्ये भिंती कायमच्या गेल्या. चोवीस वर्षे. ज्ञानाच्या गावात, ज्या गावात मानवी हक्कांवर ग्रंथ लिहिले जात होते, त्या गावात.

ही भिंत जातीची नव्हती, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. सरसकट सारखे मानणे आम्हांला पटत नाही. भाडेकरूकडे चार पैसे आले की तो पलीकडचे घर घेऊ शकत होता आणि घेतल्यावर त्याला कुणी आडनाव विचारत नव्हते. आपल्याकडे पैसा आला, पदवी आली, तरी फ्लॅट दाखवणारा आधी आडनाव विचारतो. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यातल्या उत्तपुरम गावात दलित वस्तीपुढे बांधलेली भिंत २००८ साली फोडावी लागली, ती १९८९ मध्ये बांधलेली होती. म्हणजे ऑक्सफर्डची भिंत जाऊन तीस वर्षे झाल्यावर.

पुतणीने रस्त्याच्या नावांच्या पाट्या दाखवल्या. रस्ता सरळ एक आहे, पण भिंत होती त्या रेषेपर्यंत एक नाव आणि पुढे दुसरे. अलीकडे आल्ड्रिच रोड, पलीकडे वेंटवर्थ रोड. भिंत गेली, नावे जुळली नाहीत. तिला प्रबंधाचा विषय इथेच सापडला म्हणते. सरकारी घरकुले आणि आपल्या गावच्या वस्त्या यांचा तिला अभ्यास करायचा आहे. कुठे घरकुल गावात मिळाले, कुठे जुन्याच जागी, गावाबाहेर, आणि ते कुणी ठरवले. ती हातवारे करून सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो. मार्गदर्शक बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिने शोधलेले दिसले.

परतताना बसच्या थांब्यावर तिने स्वतःच विषय काढला. "मोठे बाबा, बाबांनी तुम्हांला काहीतरी सांगून पाठवलंय ना? कालपासून तुम्ही बोलत नाही."

आम्ही सौ.कडे पाहिले. सौ. म्हणाली, "स्थळ आलंय नागपूरचं. मुलगा बरा आहे. तुझ्या बाबांची इच्छा आहे तू यावंस."

"शिष्यवृत्ती नाही मिळाली तर मी येतेच आहे. कर्ज काढून राहणार नाही. बाबांच्या डोक्यावर आधीच ताईच्या लग्नाचं आहे."

"आणि मिळाली तर?"

ती काही बोलली नाही. बस येताना दिसत होती. सौ.ने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मुलाला विचारू, तीन वर्षं थांबतो का. थांबला तर आपला. नाही तर नाही."

बसमध्येच आम्ही बंधूंना फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती, जेवणाची तयारी चालली असावी. सांगितले, की जूनपर्यंत नागपूरकरांना होकार-नकार काही कळवू नका. पोरीची तब्येत छान आहे आणि तिचे काम आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बंधू बराच वेळ गप्प राहिले. मग विचारले, "दादा, तिथं थंडीत तिला पुरेल असं स्वेटर आहे का?"